प्लेऑफमध्ये ऑफेन्स चालवताना या चुका टाळा

दर जानेवारीत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्लेऑफ (सीझनच्या शेवटचे बाद फेरीचे सामने) सुरू झाले की त्याच त्या चुका पुन्हा डोळ्यांसमोर येतात. मोठमोठे संघ त्या करतात, आणि त्यांचं बघून आमच्याकडचे शाळांचे कोच, मुलांच्या फ्लॅग फुटबॉल लीगमध्ये स्वयंसेवक म्हणून उभे राहणारे बाबा लोकही करतात. न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या संघासाठी मी प्रेस बॉक्समध्ये हेडसेट लावून बसतो. खाली मैदानावर ऑफेन्सचा (बॉल ताब्यात असलेल्या बाजूचा) कोऑर्डिनेटर प्ले, म्हणजे ठरलेली चाल, सांगतो आणि मी वरून त्याला डिफेन्स कसा उभा आहे, कोण थकलंय, घड्याळात किती उरलंय हे कळवतो. हे लिहितोय ते मुख्यतः त्या मराठी मंडळींसाठी, जी हल्ली स्वतः प्ले सांगायला लागली आहेत आणि पहिल्यांदा प्लेऑफला पोचल्यावर गांगरून जातात.

खेळ नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. ऑफेन्सला 10 यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्या प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. एक प्ले संपला की पुढचा सुरू करायला साधारण 40 सेकंद. एनएफएलमध्ये कोचचा आवाज रेडिओवरून थेट क्वार्टरबॅकच्या (ऑफेन्स चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) हेल्मेटमध्ये जातो. ही सोय 1994 पासून आहे, पण प्ले क्लॉकवर 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. म्हणजे आधीच्या प्लेचं काय झालं ते बघणं, नवा डाउन आणि अंतर लक्षात घेणं, खेळाडू आत-बाहेर पाठवणं आणि प्लेचं नाव नीट उच्चारणं, हे सगळं 25 सेकंदांत उरकायचं. शाळेच्या पातळीवर तर बहुतेक ठिकाणी हेल्मेटमधला रेडिओही नसतो. हातवारे असतात, नाहीतर मनगटावरच्या पट्टीतलं कार्ड.

इतक्या कमी वेळात, हजारो माणसं ओरडत असताना, कोणालाही नवा विचार सुचत नाही. हात जातो तो एकतर सगळ्यात सुरक्षित प्लेकडे, नाहीतर सगळ्यात झगमगीत प्लेकडे. म्हणून माझं ठाम मत आहे की प्लेऑफचे निर्णय मंगळवारी-बुधवारी, डोकं थंड असताना घ्यायचे. सामन्याच्या दिवशी फक्त कागदावरून निवड करायची. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श सुरुवातीचे प्ले आधीच लिहून ठेवायचे ते याच कारणासाठी. नवशिक्यांना ही स्क्रिप्ट म्हणजे हात बांधून घेणं वाटतं. "मला फीलवर कॉल करायचाय," असं म्हणणारे तरुण मी पुष्कळ पाहिलेत. पहिला फंबल (हातून बॉल सुटणं) झाला की त्यांचा फील सगळ्यात आधी पळतो.

आघाडीवर असताना घड्याळ विसरणं

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महागडी चूक, आणि तिचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरीही तिच्यातून लोक चुकीचा धडा घेतात, म्हणून जरा सविस्तर.

5 फेब्रुवारी 2017, ह्यूस्टन, एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बोल 51. अटलांटा फाल्कन्स न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या पुढे, 28-3. फाल्कन्सच्या ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर काइल शॅनहन. त्या सीझनमध्ये त्यांच्या ऑफेन्सने लीगमध्ये सर्वाधिक, 540 गुण केले होते आणि क्वार्टरबॅक मॅट रायन एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला होता. म्हणजे ही माणसं अडाणी नव्हती. उलट त्या वर्षी त्यांच्याइतकं चांगलं काम कोणीच केलं नव्हतं.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये साडेआठ मिनिटं उरलेली, स्कोअर 28-12. फाल्कन्स स्वतःच्या 36 यार्ड रेषेवर, तिसरा डाउन, हवा एकच यार्ड. कॉल आला पासचा. पेट्रियट्सचा डोंटा हाइटावर बाहेरून आत घुसला, रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) डेव्होन्टा फ्रीमनचा ब्लॉक (त्याला अडवणं) चुकला, रायनच्या हातून बॉल सुटला आणि पेट्रियट्सना तो 25 यार्ड रेषेवर आयता मिळाला. थोड्याच वेळात 28-20.

एवढं झाल्यावरही सामना फाल्कन्सच्याच हातात होता, हे लोक विसरतात. पुढच्याच ड्राइव्हमध्ये फ्रीमनला 39 यार्डांचा पास मिळाला, मग हूलिओ जोन्सने साइडलाइनवर पाय टेकवत तो अविश्वसनीय 27 यार्डांचा झेल घेतला. बॉल पेट्रियट्सच्या 22 यार्ड रेषेवर, घड्याळात 4 मिनिटं 40 सेकंद. तिथून फील्ड गोल (खांबांमधून बॉल मारून तीन गुण) म्हणजे जेमतेम 40 यार्डांची किक, आणि किकर मॅट ब्रायंट, लीगमधला मुरलेला माणूस. ती किक आत गेली की 31-20, म्हणजे अकरा गुणांची आघाडी. समोरच्याला दोनदा स्कोअर करावा लागणार, आणि त्यासाठी वेळ अपुरा.

पहिल्या डाउनला रन, एक यार्ड मागे. दुसऱ्या डाउनला पास, रायन बराच मागे गेला आणि पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने त्याला 12 यार्ड मागे पाडलं, म्हणजे सॅक. पुढच्या प्लेमध्ये फाल्कन्सच्या टॅकल जेक मॅथ्यूजचं होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवण्याची चूक), आणखी 10 यार्ड मागे. फील्ड गोल हातातून गेला, पंट करावा लागला, म्हणजे लांब किक मारून बॉल समोरच्याला द्यावा लागला. पेट्रियट्सनी 91 यार्डांचा ड्राइव्ह करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत 34-28 ने सामना जिंकला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात ते याहून स्पष्ट कसं दाखवायचं?

आता चुकीचा धडा कोणता? "आघाडी असली की डोळे मिटून रन करत राहा." तसं केलेला संघही मला माहीत आहे आणि तोही हरला. 18 जानेवारी 2015, एनएफसीची (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाची) फायनल, ग्रीन बे पॅकर्स सिॲटलमध्ये. पहिल्या हाफमध्ये 16-0 आघाडी, पण ती आणखी मोठी असायला हवी होती. दोनदा एंड झोनपासून (बॉल तिथे नेला की टचडाउन, सहा गुण) एका यार्डावर जाऊन चौथ्या डाउनला त्यांनी फील्ड गोलवर समाधान मानलं. मग 19-7 असताना, पाच मिनिटं उरलेली असताना मॉर्गन बर्नेटने पास अडवून बॉल मिळवला. पॅकर्सनी काय केलं? रनिंग बॅक एडी लेसीला तीनदा सरळ गर्दीत पाठवलं. पहिले दोन प्ले मागेच गेले. पंट. पुढे सिॲटलने 28-22 ने सामना नेला. तेव्हा प्ले सांगत होते स्वतः हेड कोच माइक मॅकार्थी. त्यानंतरच्या सीझनला त्यांनी हे काम टॉम क्लेमंट्सकडे सोपवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परत स्वतःकडे घेतलं.

दोन्ही सामने शेजारी ठेवले की मला एकच प्रश्न दिसतो, तो दोघांनीही त्या क्षणी विचारला नाही: आत्ता या घडीला आपल्याला कोणत्या गोष्टीने नुकसान होऊ शकतं? फाल्कन्सना 22 यार्ड रेषेवर फक्त सॅक, पेनल्टी आणि इंटरसेप्शन (समोरच्याने पास अडवून बॉल घेणं) या तीनच गोष्टी मारू शकत होत्या. मग क्वार्टरबॅकला खोल मागे नेणारा, लाइनला खूप वेळ ब्लॉक धरायला लावणारा पास तिथे नको. झटपट फेकायचा पास, क्वार्टरबॅकने रोलआउट करून (बाजूला धावत जाऊन) कोणी मोकळा नसेल तर बॉल बाहेर भिरकावण्याची मोकळीक, किंवा सरळ रन, यातलं काहीही चालतं. पॅकर्सना मात्र एका पहिल्या डाउनची, म्हणजे 10 यार्ड सरकून नव्याने चार संधी मिळवण्याची, गरज होती. एक पहिला डाउन आणि समोरच्याचे टाइमआउट, घड्याळ सगळं खाल्लं गेलं असतं. समोरच्या डिफेन्सला रन येणार हे माहीत असताना तीन वेळा तोच रन हा सुरक्षित कॉल नाही. तो फक्त सांगणाऱ्याला सुरक्षित वाटतो.

त्या फाल्कन्सच्या सामन्याबद्दल आणखी एक. संपूर्ण सामन्यात त्यांनी 18 रनमध्ये 104 यार्ड काढले, म्हणजे दर वेळी जवळजवळ पावणेसहा यार्ड. रन चालत होता. आणि त्यांच्या ऑफेन्सचे सगळे मिळून 46 प्ले, पेट्रियट्सचे 93. फाल्कन्सच्या डिफेन्सची चौथ्या क्वार्टरमध्ये काय अवस्था झाली असेल! ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर स्वतःच्या डिफेन्सच्या फुप्फुसांचाही हिशेब ठेवतो, हे नवशिक्यांना सांगून पटत नाही. प्ले क्लॉकवर वेळ शिल्लक असताना बॉल स्नॅप करून (प्ले सुरू करून) टाकणं ही तर आघाडीवरच्या संघाची निव्वळ उधळपट्टी. आमच्याकडे मी वरून हेडसेटमध्ये "अजून नाही, अजून नाही" असं म्हणत राहतो आणि प्ले क्लॉक पाचच्या खाली गेलं की "हं" म्हणतो. कंटाळवाणं काम आहे. पण त्यासाठी एक वेगळा माणूस ठेवाच. प्ले सांगणाऱ्याने घड्याळही बघायचं ही अपेक्षा मला मान्य नाही.

माझ्या कॉल शीटवर (प्ले लिहिलेल्या कागदावर) एक आडवा चौकोन असतो, त्याचं शीर्षक "पुढे आहोत, 6 मिनिटांच्या आत". त्यात मोजकेच प्ले. एकातही क्वार्टरबॅक सात पावलं मागे जात नाही. तो चौकोन बुधवारी भरायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही.

प्लेऑफच्या आठवड्यात नवं पुस्तक उघडणं

याचा मला मनापासून राग येतो, कारण याची किंमत मुलं मोजतात.

प्लेऑफ लागले की कोऑर्डिनेटरला अचानक वाटतं, आपलं सगळं समोरच्याने व्हिडिओवर पाहिलंय, आता काहीतरी वेगळं हवं. मग तो आठवडाभर रात्री दोनपर्यंत कॉलेज आणि एनएफएलच्या क्लिप्स बघतो आणि गुरुवारी नव्या प्लेंची चळत घेऊन सरावाला येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री नवं गाईड विकत आणणाऱ्या विद्यार्थ्यासारखं आहे हे.

एका नोव्हेंबरमध्ये, प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, आमच्या तेव्हाच्या तरुण कोऑर्डिनेटरने असंच केलं. मुलगा हुशार, मेहनती, पण उतावळा. आमच्या संघात अकराही जणांच्या मनगटावर पट्टी असते, तिच्या आत प्लास्टिकखाली बारीक अक्षरातलं कार्ड. कोच बाहेरून एक आकडा ओरडतो, सगळे कार्डावर तो आकडा बघतात आणि आपलं काम करतात. या गड्याने सात-आठ नवे प्ले घातले. ते कार्डावर मावावेत म्हणून जुन्या प्लेंचे आकडे पुढे-मागे सरकवले. गुरुवारी संध्याकाळी नवी कार्डं छापली, वाटली, एकदा चालत-चालत सराव केला, झालं.

शुक्रवारी रात्री पाऊस. पहिल्या क्वार्टरमध्ये आमच्या लेफ्ट टॅकलची पट्टी भिजून फाटली, टाइट एंडचीही सैल झाली. इक्विपमेंट सांभाळणाऱ्या मुलाने बॅगेतून दोन जादा पट्ट्या काढून दिल्या. त्या पट्ट्यांमध्ये जुनी कार्डं होती. ती बदलायला हवीत हे कोणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही त्यांच्या 18 यार्ड रेषेवर, तिसरा डाउन, दोन यार्ड हवेत. कोऑर्डिनेटर ओरडला, सत्तावीस. नव्या कार्डावर 27 म्हणजे उजवीकडे स्वीप (कडेने रन). जुन्या कार्डावर 27 म्हणजे डावीकडे स्क्रीन (डिफेन्सला आत येऊ देऊन टाकलेला छोटा पास). मला वरून स्वच्छ दिसत होतं: नऊ मुलं उजवीकडे निघाली आणि दोन मुलं, आपलं काम अगदी चोख करत, डिफेन्सिव्ह एंडला मुद्दाम आत सोडून डावीकडे पळाली. तो एंड थेट बॉल हातात देण्याच्या जागी पोचला. बॉल खाली, त्यांचा. शेवटी सामन्याचा फरक चार गुणांचा राहिला.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. कोऑर्डिनेटरने साइडलाइनवर त्या लेफ्ट टॅकलला सगळ्यांदेखत झापलं, "तुला आकडा कळत नाही का?" पोराने मनगट पुढे करून दाखवलं. त्याने सत्तावीसच वाचलं होतं. सतरा वर्षांचा मुलगा, शेवटच्या वर्षाला, त्याचा तो शाळेसाठीचा शेवटचा सामना. पाऊस पडत होता म्हणून कोणाला त्याचे डोळे दिसले नाहीत एवढंच.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी पक्क्या आहेत. जुन्या प्लेचा आकडा सीझनभर बदलत नाही, नवा प्ले आला तर त्याला शेवटचा आकडा. जुनी कार्डं मोजून परत घेतली जातात आणि तिथल्या तिथे फाडली जातात, जादा पट्ट्यांतली सुद्धा. प्लेऑफच्या आठवड्यात नवं काही आणायचं असेल तर फार तर दोन गोष्टी, आणि त्या दोन्ही जुन्याच रचनेतून निघणाऱ्या हव्यात: तेच खेळाडू, तीच उभं राहण्याची पद्धत, फक्त शेवट वेगळा. ब्लॉक करणाऱ्या पाच मुलांसाठी काहीही बदलत नसेल तरच तो प्ले आत येतो. बुधवारनंतर सुचलेला प्ले पुढच्या वर्षासाठी.

इथे नेहमी कोणीतरी म्हणतं, "मग फिली स्पेशलचं काय?" फेब्रुवारी 2018, सुपर बोल 52, फिलाडेल्फिया ईगल्स, चौथा डाउन, एंड झोनच्या तोंडाशी, हाफ संपायला 38 सेकंद. थेट स्नॅप कोरी क्लेमंटकडे, त्याने बॉल दिला ट्रे बर्टनला, बर्टनने फेकला आणि झेलला क्वार्टरबॅक निक फोल्सने. सगळ्यांना तो धाडसी क्षण आठवतो. बर्टन शाळेत क्वार्टरबॅक खेळलेला होता, तो प्ले आधीपासून सरावात होता, आणि साइडलाइनवर येऊन तो सुचवला खुद्द फोल्सने. हेड कोच डग पीडरसनने फक्त हो म्हटलं. ज्याला तो प्ले करायचा होता त्यालाच त्यावर विश्वास होता. तुमच्या क्वार्टरबॅकला गुरुवारी रात्री पाठवलेल्या व्हॉट्सॲप व्हिडिओवर तसा विश्वास बसणार नाही.

मागे पडल्याबरोबर स्वतःचा खेळ टाकून देणं

28 जानेवारी 2024 ला बाल्टिमोर रेव्हन्स एएफसीची (एनएफएलच्या दुसऱ्या गटाची) फायनल घरच्या मैदानावर कॅन्सस सिटीविरुद्ध 17-10 ने हरले. त्या सीझनमध्ये धावून सर्वाधिक यार्ड काढणारा संघ त्यांचाच होता, आणि त्या दिवशी त्यांच्या रनिंग बॅकना सगळे मिळून सहा वेळा बॉल मिळाला. सहा! हाफटाइमला ते फक्त दहा गुणांनी मागे होते. दहा गुण म्हणजे एक टचडाउन आणि एक फील्ड गोल, आणि हातात पूर्ण तीस मिनिटं. दुसऱ्या हाफमध्ये कॅन्सस सिटीला त्यांच्या डिफेन्सने एकही गुण करू दिला नाही, म्हणजे धीर धरायला भरपूर जागा होती.

दहा गुणांनी मागे पडणं ही फुटबॉलमध्ये आणीबाणी नाही. मी कॉल शीटच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो: दोन स्कोअर मागे आणि 8 मिनिटांपेक्षा जास्त, तर काहीही बदलायचं नाही. हा माझा आकडा, तुमचा वेगळा असू शकतो. पण तो सामन्याआधी लिहिलेला हवा.

सेकंदांचा हिशेब तिथल्या तिथे करणं

जानेवारी 2022, डॅलस काउबॉइज सहा गुणांनी मागे, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध 23-17, घड्याळात 14 सेकंद, टाइमआउट एकही नाही. कॉल: क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटने मध्यातून धावायचं. तो 17 यार्ड धावला, खाली बसला, मग बॉल ठेवून स्पाइक करायची (बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायची) धडपड. पण बॉल जागेवर ठेवायचा अधिकार अंपायरचा. त्याला मागून धावत यावं लागलं, आणि वेळ संपली. कागदावर हे शक्य आहे असं कोणीतरी ठरवलं असेल. अंपायर कुठे उभा असतो आणि त्याला यायला किती वेळ लागतो हे सरावात प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय असा प्ले शीटवर येता कामा नये. आमच्या सरावात या कामासाठी एक माणूस शिट्टी घेऊन वीस यार्ड मागे उभा केलेला असतो.

डेट्रॉइट लायन्सचं 2024 मधलं दुःख तर वेगळंच. एनएफसीच्या फायनलमध्ये त्यांनी चौथ्या डाउनला घेतलेल्या जोखमींवर लोक अजून भांडतात. माझ्या मते त्या ठीक होत्या. संघ वर्षभर तसाच खेळला होता आणि त्यातल्या एकात तर पास रिसीव्हरच्या हातातून सुटला. मला खटकतो तो शेवटच्या मिनिटाच्या आसपासचा तिसरा डाउन. एंड झोनपासून एक यार्ड, दहा गुणांनी मागे, आणि कॉल रनचा. रन मागे गेला, घड्याळ चालू राहिलं, एक टाइमआउट तिथेच जाळावा लागला. पुढच्या प्लेला टचडाउन मिळालं, पण ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) फसली आणि बॉल परत मिळवायला पुरेसे टाइमआउट उरले नाहीत. शेवट 34-31. तिथे पास चुकला असता तरी घड्याळ आपोआप थांबलं असतं.

एका यार्डावरून पास

सुपर बोल 49, सिॲटल एंड झोनपासून एका यार्डावर, 26 सेकंद, एक टाइमआउट, दुसरा डाउन, पास आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरचं इंटरसेप्शन. "रनिंग बॅक मार्शॉन लिंचला बॉल का दिला नाही?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. एक टाइमआउट असताना तीन प्ले हवे असतील तर त्यातला एक पास असणं बरोबरच होतं. पास चुकला की घड्याळ थांबतं, पुढे दोन रन करता येतात. चूक पास निवडण्यात नव्हती. चूक तो पास निवडण्यात होती: गर्दीच्या आत, जिथे चेंडू अडवला जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि बटलरने ती रचना सरावात पाहिलेली होती. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. एंड झोनच्या तोंडाशी पास टाकायचा तर कोपऱ्यात, उंच, जिथे आपल्या माणसाला मिळेल नाहीतर कोणालाच नाही.

उरलेल्या चुका

चालणारा प्ले पुन्हा न वापरणं. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने चौथ्या क्वार्टरमध्ये रिसीव्हर आत धावत येऊन एकदम उलटा फिरण्याची एकच कल्पना दोनदा वापरली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. दोन्ही वेळा टचडाउन, दोन्ही वेळा जवळपास कोणी नाही. प्रेक्षकांना आपली कल्पकता दाखवायला आपण तिथे उभे नसतो.

एक यार्ड हवा असताना आपला सगळ्यात चांगला बॅक बाहेर बसवणं. सुपर बोल 56 मध्ये सिनसिनाटीने तिसऱ्या डाउनला जो मिक्सनऐवजी सामाजे पेराइनला बॉल दिला. यार्ड मिळाला नाही. पुढच्या प्लेला समोरच्या रॅम्सचा ॲरन डोनाल्ड क्वार्टरबॅकपर्यंत पोचला आणि सामना संपला.

लांबलचक नावांचे प्ले. घशाला कोरड पडलेली असताना जे नाव एका श्वासात म्हणता येत नाही, ते शीटवर नको.

बदली क्वार्टरबॅकसाठी वेगळं पान न बनवणं. हे आळसाशिवाय दुसरं काही नाही.

हाफटाइमला भाषण देणं. बारा-पंधरा मिनिटांत मुलांना दोन गोष्टी सांगता येतात. लाइनमनना विचारा की समोरून काय येतंय. त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

सीझन संपल्यावर कॉल शीट फेकून देणं. त्यावर प्रत्येक प्लेसमोर काय झालं ते लिहून फाइलला लावा.

आणि ज्यांचा प्लेऑफचा सामना पुढच्या आठवड्यात आहे त्यांनी यातलं बाकी सगळं नंतर करावं. आज संध्याकाळी क्वार्टरबॅकला अर्धा तास बसवा, कॉल शीट त्याच्यासमोर ठेवा, हातात पेन्सिल द्या आणि त्याला जे प्ले आवडत नाहीत त्यांवर काट मारायला सांगा. तो काट मारेल त्यातला एखादा तुमचा लाडका असेल, वाद घालू नका. त्याला वाटलं तर कारण सांगेल, नाही वाटलं तर सांगणार नाही. मग उरलेलं शीट स्वच्छ लिहून काढा.